महागडे घड्याळ, महागडा कॅमेरा : आपण पैसे कशाचे मोजतो?

शिक्षण आणि नोकरी यांच्या जोरावर आज आपल्या पुष्कळ घरांत चार पैसे शिल्लक पडू लागले आहेत. ज्यांच्या आजोबांनी गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजले, ती मुले आज स्विस घड्याळांची आणि जर्मन कॅमेऱ्यांची नावे तोंडपाठ म्हणून दाखवतात. यात वावगे काही नाही. जगात काय काय तयार होते आणि ते कितीला विकले जाते याची माहिती असणे हे चांगलेच लक्षण आहे. मात्र नाव ठाऊक असणे वेगळे आणि त्या नावासाठी चोवीस महिन्यांचे हप्ते बांधून घेणे वेगळे.

"या वस्तू खरोखर एवढ्या किमतीच्या असतात का?" असा प्रश्न तरुण मंडळी वारंवार विचारतात. वडीलधारी माणसे "सगळी उधळपट्टी!" असे म्हणून विषय मिटवतात. तरुण म्हणतात, "दर्जा हवा तर पैसा मोजावा लागतो." दोन्ही उत्तरे घाईची आहेत. कोणत्याही वस्तूच्या किमतीत तिच्याकडून होणाऱ्या कामाचा दाम असतो, तिच्यावर झालेल्या हातकामाचा दाम असतो आणि तिच्यावर छापलेल्या नावाचाही दाम असतो. सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन घ्यावे लागले ते कशासाठी? दुसरीकडे विणलेली चादर 'सोलापुरी' म्हणून कोणी विकू नये म्हणून. नावालाही बाजारात किंमत असते हे आपण सोसून शिकलो आहोत. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की, आपण मोजलेल्या शंभर रुपयांपैकी किती कामाला गेले आणि किती नावाला. घड्याळ आणि कॅमेरा या वस्तू दुकानात शेजारी-शेजारी मांडलेल्या असल्या, तरी या प्रश्नाची त्यांची उत्तरे फार निराळी आहेत. प्रथम घड्याळ पाहू.

भोंग्यापासून मनगटापर्यंत

सोलापुरात १८७० च्या दशकात जुनी मिल उभी राहिली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या निघाल्या आणि शहराचे गिरणगाव झाले. त्या काळी कामगाराच्या मनगटावर घड्याळ नव्हते आणि त्याला त्याची गरजही भासत नव्हती. भोंगा झाला की उठायचे, भोंगा झाला की पाळीला जायचे. घड्याळ गिरणीचे आणि वेळही गिरणीचीच!

मनगटी घड्याळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आणण्याचे मोठे काम एच.एम.टी. या सरकारी कारखान्याने केले. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे हा घड्याळांचा कारखाना निघाला. चावी देण्याचे, १७ ज्वेलचे 'जनता' घड्याळ हे अनेकांच्या आयुष्यातले पहिले घड्याळ ठरले. मॅट्रिक पास झाला म्हणून घड्याळ, नोकरी लागली म्हणून घड्याळ, निवृत्त झाला तरी हारासोबत घड्याळच. १९८४ साली टाटा व तामिळनाडू सरकारचे महामंडळ यांनी मिळून टायटन कंपनी स्थापन केली आणि सेलवर चालणारी देखणी घड्याळे बाजारात आली. एच.एम.टी.ची मागणी ओसरत गेली व जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. असो.

याच काळात लग्नात नवऱ्या मुलाला घड्याळ आणि अंगठी देण्याची चाल रूढ झाली. ती प्रेमाची भेट होती तोवर ठीक होते. पुढे "मुलाला अमुक कंपनीचेच घड्याळ पाहिजे" असा निरोप मध्यस्थामार्फत येऊ लागला. मागणी घड्याळाची असो की मोटारसायकलची, तो हुंडाच होय, आणि हुंडा घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. मुलीचा बाप सोसायटीचे कर्ज काढून ज्या किमतीपुढे मान तुकवतो, ती किंमत कामाची की नावाची, हे मागणी करणाऱ्या व्याह्यालाही ठाऊक नसते. ते ठाऊक व्हावे म्हणून घड्याळाच्या आत थोडे डोकावणे जरूर आहे.

चावीच्या घड्याळात गुंडाळलेली स्प्रिंग हळूहळू सुटत जाते. तिची ताकद दातेरी चाकांतून बॅलन्स व्हीलपर्यंत पोचते आणि ते चाक मागे-पुढे डोलू लागते. 'जनता'सारख्या घड्याळात सेकंदाला पाच ठोके पडतात, आजच्या बऱ्याच स्विस घड्याळांत आठ. आठच्या हिशेबाने दिवसाला ६,९१,२०० ठोके झाले. उष्णतेने, हाताच्या हिसक्याने, आतले तेल सुकल्याने या ठोक्यांचा वेग थोडाफार ढळतोच. स्वित्झर्लंडमध्ये सी.ओ.एस.सी. नावाची तपासणी संस्था आहे. तिचे 'क्रोनोमीटर' प्रमाणपत्र मिळवायचे तर घड्याळाची रोजची सरासरी चूक चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढ्या मर्यादेत बसावी लागते. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात सहा सेकंदांची चूक म्हणजे १४,४०० सेकंदांमागे एक सेकंद! धातूची चाके आणि केसाएवढी बारीक स्प्रिंग यांच्याकडून एवढे नेमके काम करून घेणे ही लहानसहान विद्या नव्हे. शेकडो वर्षे जगाने चांगल्या घड्याळाला जास्त पैसे मोजले, ते या नेमकेपणासाठीच. त्या काळी महाग घड्याळ अधिक बरोबर चालत असे. किंमत आणि काम यांची जोडी होती.

ही जोडी फुटली ती तारीखवार सांगता येते. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सैको कंपनीने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे क्वार्ट्झ घड्याळ विक्रीला काढले. त्याची किंमत ४,५०,००० येन होती, म्हणजे त्या वेळी जपानात जवळजवळ एका छोट्या मोटारीएवढी. परंतु पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हेच तंत्र इतके स्वस्त झाले की फूटपाथवर क्वार्ट्झ घड्याळे मिळू लागली. या घड्याळात क्वार्ट्झ स्फटिकाचा चिमट्याच्या आकाराचा बारीक तुकडा असतो. सेलची वीज मिळताच तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. त्याची निमपट, पुन्हा निमपट अशी पंधरा वेळा केली की बरोबर १ उरतो आणि काटा एक सेकंद पुढे सरकतो. विद्यार्थ्यांनी वहीवर करून पाहावे. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला साधारण पंधरा सेकंद चुकते. आता वरचे प्रमाणपत्र मिळालेले चावीचे घड्याळ रोज सहा सेकंद पुढे गेले, तर महिन्यात १८० सेकंद, म्हणजे तीन मिनिटे पुढे जाईल आणि तरीही ते उत्तम समजले जाईल. कॅसिओचे 'एफ-९१डब्ल्यू' हे प्लास्टिकचे घड्याळ १९८९ पासून विकले जाते. त्याची चूक महिन्याला तीस सेकंदांच्या आतबाहेर. हजार-दीड हजाराचे ते घड्याळ लाखांच्या घड्याळाला वेळेत हरवते, यात शंका घेण्यास जागा नाही.

या धक्क्याने स्वित्झर्लंडचा धंदा जवळपास बुडाला होता. १९७० च्या सुमारास तेथे या धंद्यात सुमारे ९०,००० माणसे होती. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ती ३०,००० च्या आसपास उरली. गिरण्या बंद पडल्यावर घराघरांत काय होते हे आपल्याला माहीत आहे. तिकडच्या डोंगरांतल्या कारागिरांची स्थिती निराळी नव्हती. त्यांना सावरले ते दोन गोष्टींनी. एक, १९८३ साली आलेले 'स्वॉच' हे अवघ्या ५१ भागांचे स्वस्त, रंगीत प्लास्टिक घड्याळ. दुसरी गोष्ट आपल्या विषयाची आहे. बड्या कंपन्यांनी वेळ विकणे सोडून दिले! त्या कारागिरी, सोने, परंपरा आणि मान विकू लागल्या.

यातली कारागिरी खोटी नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उत्तम घड्याळाच्या आतल्या पट्ट्यांच्या कडा कारागीर हाताने घासून चकाकवतात, आणि त्यात माणसाचे दिवसच्या दिवस जातात. काच नीलमणी जातीची असते, तिच्यावर सहसा ओरखडा उठत नाही. यंत्र उघडून, साफ करून, तेल देऊन पन्नास वर्षांनीही चालू करता येते. आपल्याकडे हातमागाच्या जाकार्ड कामाला जे मोल आहे, तेच या कामाला आहे. परंतु ज्या किमतीपासून घड्याळाला 'भारी' म्हणण्यास सुरुवात होते, त्या पन्नास हजार ते दोन लाखांच्या थरात हे हातकाम फारच थोडे असते. 'एटा' नावाच्या एकाच स्विस कारखान्याची तयार मशीन्स वर्षानुवर्षे निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या घड्याळांत बसवली. डायल वेगळी, नाव वेगळे, किंमत वेगळी, आतले मशीन एकाच घरचे. डायलवर 'स्विस मेड' छापण्यासाठी उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झाला पाहिजे, असा नियम १ जानेवारी २०१७ पासून आहे. म्हणजे उरलेला ४० टक्के खर्च कोठे झाला हे डायल सांगत नाही.

"पण सर, ही गुंतवणूक असते," असे काही जण म्हणतात. पॉल न्यूमन या अमेरिकन नटाच्या मनगटावरचे रोलेक्स 'डेटोना' २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे एक कोटी पंच्याहत्तर लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेले, हे खरे. पण ते पैसे घड्याळाचे नव्हते, न्यूमनच्या मनगटाचे होते. मोजक्या कंपन्यांची मोजकी मॉडेले सोडली तर बाकीचे घड्याळ दुकानाची पायरी उतरताच जुने होते आणि विकायला गेल्यावर ते कळते. शिवाय दर काही वर्षांनी त्याचे सर्व्हिसिंग करावे लागते. त्या एका सर्व्हिसिंगच्या खर्चात चांगले टायटन येऊ शकते. सरकारनेही २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांवरच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवेळी एक टक्का कर गोळा करण्याचा नियम केला आहे. घड्याळ कोठे संपते आणि चैन कोठे सुरू होते, याची निदान सरकारी खूण तरी त्यामुळे पडली.

येथे एक दुसरी बाजू आहे आणि ती डावलणे अन्यायाचे होईल. आपल्या मागच्या पिढ्यांना चांगले वस्त्र नेसण्याची, अंगावर दागिना घालण्याची मुभा नव्हती. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जात दाखवणारी पद्धत सोडण्यास सांगितले, ते उगीच नव्हे. माणूस कसा दिसतो यावरून त्याची पायरी ठरवणाऱ्या समाजात नीटनेटके दिसणे हा हक्काचा भाग होता. म्हणून आपला एखादा अधिकारी मुलगा पहिल्या पगारातून चांगले घड्याळ घेतो, तेव्हा त्याला चंगळवादी म्हणून हिणवणे मला पटत नाही. ऐपतीतून घेतलेले, वर्षानुवर्षे वापरलेले चांगले घड्याळ शोभूनच दिसते. पण दहा हजारांचे घड्याळ हे काम चोख करते. त्यावरचा प्रत्येक रुपया हा शोभेचा, हातकामाचा आणि नावाचा आहे, एवढे समजून तो द्यावा. वेळेसाठी दिला असे स्वतःला सांगू नये. आणि व्याह्याकडून तर मुळीच मागू नये.

कॅमेऱ्याचे गणित वेगळे

घड्याळात स्वस्त वस्तूने महाग वस्तूला कामात गाठले. कॅमेऱ्यात तसे पूर्णपणे झालेले नाही, कारण कॅमेऱ्याचे काम प्रकाश गोळा करण्याचे आहे आणि प्रकाशाला जागा लागते.

आजच्या मोठ्या डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरचे माप ३६ गुणिले २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. हे माप सिनेमातून आले. जर्मनीच्या लायट्झ कारखान्यातील ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञाने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी फिरवून, सिनेमाच्या दोन चौकटींएवढी जागा एका फोटोला देऊन खिशात मावेल असा कॅमेरा तयार केला. १९२५ साली तो 'लायका' या नावाने बाजारात आला. आज मोबाईलमध्ये जो फार मोठा सेन्सर म्हणून मिरवला जातो, तो सुमारे १३ गुणिले ९ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. पुष्कळ मोबाईलमध्ये तर त्याहूनही पुष्कळ लहान. सातपट मोठ्या जागेवर पडणारा प्रकाश आणि लहान जागेवर पडणारा प्रकाश यांत फरक राहणारच. मोबाईल तो फरक हिशेब करून, पाच-दहा फोटो एकमेकांवर बसवून झाकतो. दुपारच्या उन्हात ते खपते. पण संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या मंद दिव्यात धावणारे पोर टिपायचे असेल, व्यासपीठावरचा वक्ता शेवटच्या रांगेतून टिपायचा असेल, किंवा फोटो भिंतीएवढा मोठा करायचा असेल, तर कॅमेराच लागतो. येथे पैशाला काम मिळते.

किती पैशापर्यंत मिळते हा पुढचा प्रश्न. एक उदाहरण घेऊ. ५० मिलिमीटरची, एफ १.८ तोंडाची साधी लेन्स दहा-पंधरा हजारांत मिळते. लायकाची त्याच ५० मिलिमीटरची 'नॉक्टिलक्स' एफ ०.९५ लेन्स दहा लाखांच्या वर जाते. प्रकाश किती जास्त येतो? १.८ भागिले ०.९५, त्याचा वर्ग केला की साडेतीनपट. किंमत मात्र सत्तर-शंभरपट. आणि हा साडेतीनपट प्रकाशही आजच्या कॅमेऱ्यात आय.एस.ओ. दोन पायऱ्या वाढवला की जवळजवळ भरून निघतो. अर्थात त्या लेन्सने मागचा भाग जसा विरघळून जातो तसा साध्या लेन्सने जात नाही, हे मान्य. पण सोलापुरातला कोणता यजमान त्यासाठी अल्बमचे जादा पैसे देईल?

कधीकधी तर जादा पैशांना काहीच जादा मिळत नाही. २०१२ साली हॅसलब्लाड या स्वीडिश कंपनीने 'ल्युनार' नावाचा कॅमेरा जाहीर केला. हे नाव चंद्रावरून घेतलेले, कारण १९६९ साली अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर हॅसलब्लाडच नेला होता. 'ल्युनार'ची किंमत पाच हजार युरोंच्या घरात. आत मात्र सोनीच्या 'नेक्स-७' या कॅमेऱ्याचाच सेन्सर व यंत्रणा, वरून लाकडाची मूठ आणि चकचकीत धातू. मूळ सोनी सुमारे बाराशे डॉलरांना मिळत होता. जाणकारांनी जगभर थट्टा केली आणि कंपनीने पुढे तो मार्ग सोडला. लायकाचे 'डी-लक्स' मालिकेतले छोटे कॅमेरेही पॅनासॉनिकच्या 'ल्युमिक्स' कॅमेऱ्यांचे सख्खे भाऊ आहेत. लाल ठिपक्याची किंमत वेगळी लागते. बरे, महाग वस्तू बिघडत नाही म्हणावे तर तसेही नाही. २००९ च्या लायका 'एम-९' या लाखो रुपयांच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची काच गंजून फोटोंवर डाग उमटू लागले होते आणि कंपनीला सेन्सर बदलून द्यावे लागले.

न्यायाच्या दृष्टीने एवढे सांगितले पाहिजे की, १९५४ साली 'एम-३' बरोबर निघालेली लायकाची लेन्स आजच्या 'एम' कॅमेऱ्यावरही बसते. सत्तर वर्षे एकच माउंट जपणे हे सचोटीचे काम आहे, आणि त्याचे पैसे कोणी मोजले तर मी त्याला फसला असे म्हणणार नाही.

तीन मराठी कॅमेरे

महागडा कॅमेरा घ्यावा की न घ्यावा हा पेच मराठी माणसापुढे काही आजच पडलेला नाही. १८९६ साली मुंबईत लुमिए बंधूंचे चलचित्रांचे खेळ झाले. ते पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी विलायतेहून एकवीस गिनींना चलचित्रांचा कॅमेरा मागवला. त्या काळी पौंडाला पंधरा रुपये पडत, म्हणजे हा कॅमेरा सुमारे ३३० रुपयांचा झाला. सावेदादांचा स्वतःचा फोटो स्टुडिओ होता, गिऱ्हाईक होते. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनवरची कुस्ती चित्रित केली आणि भारतीय माणसाने घेतलेल्या पहिल्या चलचित्रांत तिची गणना होते. धंदा असलेल्या माणसाने धंद्याला लागून घेतलेला हा कॅमेरा.

दादासाहेब फाळक्यांचे तसे नव्हते. १९१२ साली त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून सुमारे दहा हजार रुपये उभे केले आणि ते लंडनला गेले. तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना आणला. आपण ऐकतो ती गोष्ट कर्ज काढून कॅमेरा घेणाऱ्या ध्येयवेड्याची. पण हिशेब मांडून पाहा. पन्नास पौंड म्हणजे साडेसातशे रुपये. दहा हजारांपैकी कॅमेऱ्याला साडेसात टक्केही पुरते गेले, फार तर आठ. बाकीचा पैसा प्रवास, कच्ची फिल्म, फिल्मला भोके पाडण्याचे व छपाईचे यंत्र आणि शिकणे यांकडे राहिला. परत आल्यावरही त्यांनी एकदम चित्रपट काढला नाही. वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून महिनाभर कॅमेऱ्याची परीक्षा घेतली, ते छोटे चित्र दाखवून भांडवलदाराचा विश्वास मिळवला, आणि मग 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला, जो ३ मे १९१३ रोजी लोकांपुढे आला. अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. त्यांचे दागिनेही या कामी पडले. कर्ज काढून कॅमेरा घ्यायला निघालेल्या तरुणाने फाळक्यांचे नाव घ्यावे, पण सोबत हा साडेसात टक्क्यांचा आकडाही ध्यानात ठेवावा.

तिसरा कॅमेरा आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा. बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्याने भाऊ लागणारे आनंदराव हे चित्रकार होते, नाटकाचे पडदे रंगवत. त्यांना सिनेमा काढायचा होता, पण विलायती कॅमेऱ्याला पैसा नव्हता. त्यांनी कॅमेरा स्वतः बनवायचे ठरवले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने काम चालू ठेवले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. त्या घरच्या कॅमेऱ्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. कॅमेऱ्यापेक्षा मोठी कमाई पुढे दिसली. ज्या दामल्यांनी त्या कॅमेऱ्याचे स्क्रू बसवले, त्यांनीच फत्तेलालांसोबत १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला आणि त्याचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. विकत घेतलेला कॅमेरा कोणाला एवढे शिकवील असे मला वाटत नाही.

सोलापुरातल्या मुलाचा हिशेब

आता आपल्याच वस्तीतल्या मुलाकडे येऊ. आई विड्या वळते, हजारी मजुरीवर घर चालते, आणि मुलाला लग्नाचे फोटो काढण्याचा धंदा करायचा आहे. त्याला कोणीतरी सांगितले की दीड लाखाचा कॅमेरा असल्याशिवाय ऑर्डर मिळत नाही. समजा, त्याने शेकडा १४ व्याजाने दीड लाख रुपये दोन वर्षांच्या मुदतीने काढले. हप्ता साधारण ७,२०० रुपये पडेल. वर्षाला ८६,४००, दोन वर्षांत १,७२,८००.

तोच कॅमेरा लेन्ससह भाड्याने आणला तर समजा दिवसाला १,५०० रुपये पडतात. ८६,४०० ला १,५०० ने भागले की ५७.६ येते. म्हणजे वर्षात अठ्ठावन्न दिवसांहून कमी काम असेल तर त्या दोन वर्षांत भाड्यानेच आणणे परवडते, जास्त असेल तर विकत घेणे. दोन वर्षांनी कॅमेरा आपला होतो हे खरे, पण तोवर नवे मॉडेल निघून त्याची किंमत निम्म्यावर आलेली असते. नवख्या मुलाला पहिल्या वर्षी अठ्ठावन्न दिवस काम मिळणे अवघड आहे. लग्नसराई संपली की पावसाळाभर हप्ता चालू आणि कॅमेरा कपाटात. हे आकडे उदाहरणाचे आहेत; प्रत्येकाने आपल्या गावचे भाडे, आपल्या बँकेचे व्याज घालून हिशेब पुन्हा मांडावा.

माझे मत विचाराल तर पहिली दोन वर्षे एखाद्या जुन्या फोटोग्राफरच्या हाताखाली काढावीत, मोठ्या कामाला भाड्याचा कॅमेरा आणावा आणि सरावासाठी चार-पाच वर्षांपूर्वीचा जुना कॅमेरा घ्यावा. चांगल्या कॅमेऱ्याचा सेन्सर पाच वर्षांत कामातून जात नाही. किंमत उतरते ती नव्या मॉडेलमुळे, जुन्याचे काम कमी झाल्यामुळे नव्हे. पैसे उरले तर ते आधी लेन्सला आणि फ्लॅशला लावावेत. बॉडी बदलत राहते, लेन्स टिकते.

जुना कॅमेरा घेताना घ्यायची काळजी थोडक्यात सांगतो. लेन्स काढून तिच्यात एका बाजूने बॅटरीचा झोत टाकावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. अशी लेन्स स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण ती पिशवीतल्या दुसऱ्या लेन्सलाही लागू शकते. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून पाहावा, म्हणजे सेन्सरवरचे डाग कळतात. शटर आजवर किती वेळा पडले याचा आकडा बहुतेक कॅमेऱ्यांत काढता येतो. तो जाणकाराकडून काढून घ्यावा आणि त्या मॉडेलच्या शटरचे आयुष्य कंपनीने किती सांगितले आहे त्याच्याशी ताडून पाहावा. बॅटरी व चार्जर मूळ कंपनीचे आहेत का ते बघावे. आणि बिल मागावे. त्यावरचा नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या नंबराशी जुळला नाही, तर कितीही स्वस्त असला तरी तो कॅमेरा तेथेच ठेवून यावे.